थोरलं दुकान उठलं की धाकट्यांचं काय होतं?



मागच्या दिवाळीत आमच्या गटानं शहराच्या कडेला असलेल्या एका मॉलमध्ये आठ दिवस स्टॉल लावला होता. कुरडया, शेवया, काळा मसाला, जवसाची आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आम्ही चौघी गेलो होतो. पहिले दोन दिवस जागा मिळाली ती खालच्या मजल्यावर, किराणा आणि कपडे मिळणाऱ्या एका मोठ्या दुकानाच्या दारासमोर. दुसऱ्या दिवशी दुपारीच चटणी संपली आणि घरी फोन करून रात्रीच्या एसटीनं माल मागवावा लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी मॉलचा माणूस आला आणि म्हणाला, "ताई, ही जागा दुसऱ्यांना दिलीय, तुम्ही वर बसा." वर म्हणजे दुसऱ्या मजल्यावर, बंद पडलेल्या एका दुकानाच्या शटरपुढं. भाडं तेवढंच. माल तोच, भाव तोच, आम्हीही त्याच. पण उरलेल्या सहा दिवसांत मिळून पहिल्या दोन दिवसांएवढीही विक्री झाली नाही.

परत येताना गाडीत एकमेकींना दोष देऊन झाला. कुणी म्हणालं भाव जास्त लावला, कुणी म्हणालं पाकीट साधं होतं. घरी येऊन वही उघडली, रोजचा हिशेब मांडला, तेव्हा कळलं की चूक मालात नव्हती, जागेत होती. आणि ती आधी कळली नाही, कारण मॉल चालतो कसा हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

आता हा प्रश्न आमच्या एकट्या गटाचा राहिलेला नाही. बचत गटांच्या मालासाठी दहा जिल्ह्यांत 'उमेद मॉल' उभारायचं राज्य सरकारनं २०२५ मध्ये ठरवलं आहे. खासगी मॉलवालेही सणासुदीला गटांना बोलावतात. उद्या तुमच्याही गटापुढं गाळ्याचा किंवा स्टॉलचा कागद येईल. म्हणून आज आम्ही एका मॉलची गोष्ट सांगणार आहोत. हा मॉल अमेरिकेतला आहे. इतक्या लांबचा घेतला, कारण आज आपण जसे बंदिस्त, थंडगार मॉल बघतो त्यांचा तो मूळपुरुष आहे. सुरू होऊन त्याला जवळजवळ सत्तर वर्षं झाली. तेवढ्या काळात तिथं कोण आलं, कोण गेलं आणि का गेलं, हे पाहिलं की आपल्या शटरपुढच्या सहा दिवसांचा अर्थ लागतो.

बर्फाच्या मुलखातली अडचण

अमेरिकेच्या उत्तरेला मिनेसोटा नावाचं राज्य आहे. तिथलं मोठं शहर मिनिआपोलिस. हिवाळ्यात तिथं पारा शून्याच्या खाली वीस अंशांपर्यंतही उतरतो, रस्त्यावर बर्फाचे ढीग लागतात. उन्हाळ्यात उलट उकाडा. अशा हवेत बाजारहाट करायला बाहेर पडायचं म्हणजे शिक्षाच.

दुसरं महायुद्ध १९४५ मध्ये संपलं आणि तिथली शहरं पसरायला लागली. लोकांनी मोटारी घेतल्या, सरकारनं रस्ते केले आणि शहराबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. मिनिआपोलिसच्या कडेला इडायना नावाचं असंच एक उपनगर वाढत होतं. घरं झाली, शाळा झाल्या, पण मोठी दुकानं मात्र जुन्या शहरातच होती.

त्या जुन्या शहरात डेटन नावाच्या घराण्याचं मोठं दुकान होतं. कपडे, भांडी, सामानसुमान, सगळं एकाच इमारतीत मिळायचं. त्यांच्या लक्षात आलं की आपलं गिऱ्हाईक शहर सोडून चाललंय. गिऱ्हाईक येत नसेल तर दुकानानंच गिऱ्हाइकाकडं जायला हवं. त्यांनी इडायनात जमीन घेतली आणि एका वास्तुरचनाकाराला बोलावलं. त्याचं नाव व्हिक्टर ग्रुएन.

हा ग्रुएन मूळचा ऑस्ट्रिया देशातल्या व्हिएन्ना शहराचा, जन्म १९०३ चा. तो ज्यू होता. १९३८ मध्ये हिटलरच्या फौजा ऑस्ट्रियात शिरल्या आणि त्याला देश सोडून पळावं लागलं. अमेरिकेत उतरला तेव्हा त्याच्या खिशात आठ डॉलर होते आणि इंग्रजी येत नव्हतं, असं सांगतात. व्हिएन्नामध्ये चौक होते, चौकात कॉफीची दुकानं होती, माणसं चालत यायची, बसायची, बोलायची. अमेरिकेतल्या उपनगरात त्याला असं काहीच दिसेना. बायका घरात एकट्या, माणसं मोटारीत एकटी. त्याच्या मनात होतं, दुकानांच्या निमित्तानं इथं एक गावचावडीच करावी.

एका छपराखाली

साउथडेल असं त्या बाजाराचं नाव. तो ८ ऑक्टोबर १९५६ या दिवशी उघडला. खर्च झाला २ कोटी डॉलर. आत ७२ दुकानं, बाहेर सुमारे ५ हजार मोटारी उभ्या राहतील एवढी जागा. आपली गाडी कुठं लावली हे लोकांच्या ध्यानात राहावं म्हणून गाड्यांच्या तळाच्या एकेका भागाला एकेका प्राण्याचं चित्र दिलेलं. पहिल्याच दिवशी सुमारे ७५ हजार माणसं लोटली.

त्याआधी दुकानांचे समूह नव्हते असं नाही. खुद्द ग्रुएननंच १९५४ मध्ये डेट्रॉइट शहराजवळ एक मोठा समूह बांधला होता. पण तो उघड्यावर होता, दुकानांची तोंडं बाहेर, मोकळ्या हवेत. साउथडेलमध्ये त्यानं सगळी दुकानं एका छपराखाली घेतली आणि त्यांची तोंडं आतल्या बाजूला वळवली. बाहेरून बघितलं तर नुसत्या भिंती, आत गेलं की बाजार. आतली हवा बाराही महिने साधारण २४ अंशांवर ठेवलेली. मधोमध उंच छताचा चौक, त्यात खरी झाडं, माशांचं तळं, मोठ्या पिंजऱ्यात पक्षी, बसायला जागा आणि कॉफीचं दुकान. बाहेर बर्फ पडत असला तरी आत वसंत.

मैत्रिणींनो, आता आपल्या कामाच्या दोन गोष्टी नीट ऐका.

पहिली गोष्ट. डेटन्सचं दुकान मॉलमध्ये होतंच, कारण मॉलच त्यांचा. पण त्यांनी शहरातल्या आपल्या प्रतिस्पर्ध्यालाही, म्हणजे डोनाल्डसन्सलाही, त्याच छपराखाली जागा दिली. वाटेल की हा काय खुळेपणा! पण आपल्या पेठेत सराफ सराफाशेजारीच का बसतो? एका जागी दहा दुकानं असली की गिऱ्हाईक तिथंच येतं, आणि आलं की पाच दुकानं फिरतं. एका थोरल्या दुकानासाठी आलेली बाई दुसऱ्यात जाताना वाटेत चपला बघते, औषध घेते, मुलाला खाऊ घेते. धाकटी दुकानं जगतात ती या वाटेवर.

असं जे दुकान आपल्या नावावर गर्दी आणतं, त्याला मॉलच्या भाषेत 'अँकर' म्हणतात, म्हणजे जहाजाचा नांगर. आम्ही आपलं त्याला थोरलं दुकान म्हणतो. आठवडी बाजारात हेच काम जनावरांचा बाजार करतो. बैल घ्यायला माणूस येतो, मग दोरखंड घेतो, घुंगरं घेतो, भजी खातो, चहा पितो, जाताना पोरीला बांगड्या नेतो. ज्या गावात जनावरांचा बाजार बंद पडला, तिथं भजीवालीला विचारा काय झालं ते.

दुसरी गोष्ट. साउथडेल दोन मजली होता. वरच्या मजल्यावर गिऱ्हाईक चढत नाही, ही अडचण ग्रुएनला माहीत होती. म्हणून त्यानं गाड्या लावायची जागाच दोन पातळ्यांवर केली. काही माणसं गाडीतून उतरून थेट वरच्या मजल्यावर आत शिरायची, काही खालच्या. मधे सरकते जिने. त्यामुळं दोन्ही मजल्यांवर वर्दळ राहायची. आम्हाला वर बसवलं त्या मॉलमध्ये सगळी दारं खालीच होती. वर काय होतं? बंद शटर आणि आम्ही चौघी.

पाट्या बदलत गेल्या

साउथडेल चालला आणि अमेरिकाभर त्याच्या नकला झाल्या. १९५४ मध्ये तिथल्या करकायद्यात असा बदल झाला होता की नव्या इमारतीचा खर्च पहिल्या काही वर्षांतच भराभर वजा दाखवता येई आणि कर वाचे. त्यामुळं शहराबाहेर मॉल बांधणं हा पैसेवाल्यांचा धंदाच झाला. साउथडेललाही १९७२ मध्ये जे. सी. पेनी हे तिसरं थोरलं दुकान जोडलं गेलं.

पण मॉल तोच राहिला तरी आतली दुकानं तीच राहिली नाहीत. डोनाल्डसन्सच्या जागी १९८७ मध्ये कार्सन पिरी स्कॉट अशी पाटी लागली, कारण त्या कंपनीनं डोनाल्डसन्सच विकत घेतली. पुढं मर्विन्स आलं, तेही २००४ मध्ये गेलं. २०११ मध्ये हर्बर्गर्स नावाचं दुकान आलं. २०१८ मध्ये त्याच्या मालक कंपनीचं दिवाळं निघालं आणि तेही बंद झालं.

आणि डेटन्स? ज्यांनी मॉल बांधला त्यांचं काय झालं? ही गोष्ट फार शिकवणारी आहे. डेटन घराण्यानं १९६२ मध्ये, मिनेसोटातच, स्वस्त मालाचं वेगळं दुकान काढलं. त्याचं नाव टार्गेट. मोठी गाडीतळाची जागा, साधी मांडणी, कमी भाव. हे धाकटं भावंड इतकं वाढलं की २००० मध्ये सबंध कंपनीनंच टार्गेट हे नाव घेतलं. २००१ मध्ये डेटन्सची पाटी उतरली आणि मार्शल फील्ड्स लागली. २००४ मध्ये कंपनीनं तो जुना धंदा विकूनच टाकला. २००६ मध्ये त्याच दुकानावर मेसीज अशी तिसरी पाटी लागली. पन्नास वर्षांत दार तेच, पाट्या तीन.

धाकट्या दुकानांतही तेच. सुरुवातीच्या ७२ दुकानांत वूलवर्थ होतं, आपल्याकडच्या जत्रेतल्या 'हर माल' गाडीसारखं स्वस्त किरकोळ वस्तूंचं दुकान. रेड आउल नावाचं किराणा दुकान होतं, औषधाचं दुकान होतं. म्हणजे रोजच्या गरजेचं बरंच काही मिळत होतं. पुढं मॉलमधून रोजची गरज कमी होत गेली आणि कपडे, चपला, दागिने, सुगंधी द्रव्यं यांची दुकानं वाढली. वूलवर्थ कंपनीनं तर १९९७ मध्ये अमेरिकेतली अशी सगळीच दुकानं बंद केली.

यात एक खाचखळगा आहे. किराण्यासाठी माणूस आठवड्याला येतो. साडी घ्यायला कधीतरी येतो. रोजच्या गरजेचं दुकान गेलं की गर्दी सणावारापुरती उरते. आणि भाडं मात्र बाराही महिने असतं.

मोठ्या माशाला आणखी मोठा मासा

१९९२ मध्ये साउथडेलपासून थोड्याच अंतरावर, ब्लूमिंग्टन गावात 'मॉल ऑफ अमेरिका' उघडला. चार थोरली दुकानं, शेकडो धाकटी आणि मधोमध पाळण्यांचं उद्यान. साउथडेलनं १९५६ मध्ये जुन्या शहराचं गिऱ्हाईक ओढलं होतं. आता त्याचं गिऱ्हाईक दुसरा ओढू लागला. मग इंटरनेटवर खरेदी सुरू झाली. घरबसल्या कपडे मिळू लागले आणि कपड्यांच्याच जोरावर उभ्या असलेल्या थोरल्या दुकानांचे पाय लटपटायला लागले.

जे. सी. पेनी २०१७ मध्ये साउथडेलमधून गेलं. एवढी मोठी जागा रिकामी पडल्यावर दुसरं कपड्यांचं दुकान आणण्यात अर्थ नव्हता. ती इमारत पाडली आणि तिथं लाइफ टाइम नावाची व्यायामशाळा बांधली. २०१९ मध्ये ती सुरू झाली, सोबत भाड्यानं बसून काम करायच्या जागाही आल्या. त्याआधी २०१४ च्या सुमारास गाड्यांच्या तळाचा एक भाग घेऊन तिथं राहत्या घरांच्या इमारती उभ्या केल्या होत्या.

बघा, युक्ती काय केली. व्यायामाला माणूस आठवड्यातून तीन-चार वेळा येतो. शेजारी राहणारा माणूस रोज येतो. म्हणजे थोरलं दुकान म्हणजे दुकानच असलं पाहिजे असं नाही. जे माणसाला पुन्हापुन्हा यायला लावतं, ते थोरलं. हे ज्यांच्या वेळेत लक्षात आलं नाही, असे किती तरी मॉल अमेरिकेत बंद पडले. ग्रुएननंच डेट्रॉइटजवळ बांधलेला तो पहिला मोठा समूह २०१५ मध्ये बंद झाला.

बांधणाराच नाराज झाला

ग्रुएनची मूळ कल्पना मात्र यापेक्षा फार मोठी होती. साउथडेलच्या भोवतीच्या सुमारे ४६० एकर जागेत त्याला घरं, शाळा, दवाखाना, बाग, तलाव असं सगळं हवं होतं. मॉल हा त्या वस्तीचा मधला चौक. प्रत्यक्षात दुकानं झाली, गाड्यांचे तळ झाले. भोवतालच्या जमिनीचे भाव वाढले आणि ती ज्याला जशी हवी तशी बांधली गेली. पायी चालायला चौक करायचा होता, तो चौक मोटारीशिवाय गाठताच येईना.

इकडं जुन्या शहराचं काय झालं? गर्दी ओसरली म्हणून मिनिआपोलिसनं १९६७ मध्ये आपला मुख्य बाजाररस्ता पायी चालणाऱ्यांसाठी नव्यानं करून घेतला. तरीही डेटन्सचं शहरातलं ते जुनं, मूळ दुकान शेवटी २०१७ मध्ये, मेसीज या नावानं, कायमचं बंद झालं.

ग्रुएन म्हातारपणी व्हिएन्नाला परत गेला. तर त्याच्याच शहराच्या कडेला १९७६ मध्ये एक भला मोठा मॉल आला आणि गावातल्या लहान दुकानदारांच्या पोटावर पाय येऊ लागला. ज्याला लोक मॉलचा जनक म्हणत, त्यानं १९७८ मध्ये जाहीरपणे सांगितलं की या मॉलशी माझं नातं लावू नका. १९८० मध्ये तो वारला.

त्याच्या नाराजीत एक मुद्दा आपल्यासाठी आहे. मॉलमधला चौक चौकासारखा दिसतो, पण तो गावाचा नसतो. बाजारतळावर ग्रामपंचायतीची पावती फाडली की म्हातारी चार जुड्या मेथी घेऊनही बसू शकते. मॉलमध्ये कोणी बसायचं, कुठं बसायचं, एवढंच काय, कोणी आत यायचं, हेही मालक ठरवतो. मुंबईत हाजीअलीजवळ १९९९ मध्ये क्रॉसरोड्स मॉल सुरू झाला, राज्यातल्या अगदी सुरुवातीच्या मॉलपैकी एक. बघ्यांची गर्दी आवरेना, तेव्हा तिथं मोबाईल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर पैसे भरून आत या, असा नियम काही काळ होता. तेव्हा मोबाईल होता किती जणांकडं? आणि पुढं त्या मॉलचं नावही बदललं, दुकानंही बदलली. साउथडेलला जे पन्नास-साठ वर्षांत झालं, ते आपल्याकडं पंधरा-वीस वर्षांतच होताना दिसलं.

भाड्याचं गणित

आता सगळ्यात कामाचं. मॉलमध्ये सगळी दुकानं सारखं भाडं देत नाहीत. थोरलं दुकान गर्दी आणतं, म्हणून त्याला जागा फार स्वस्तात मिळते. कधी कधी इमारतच त्याच्या मालकीची असते. मॉलच्या मालकाची खरी कमाई होते धाकट्या दुकानांच्या भाड्यातून. दर चौरस फुटामागं जास्त पैसे धाकटाच मोजतो. थोडक्यात, गर्दी थोरला आणतो आणि त्या गर्दीचे पैसे धाकटा भरतो.

हे भाडंही एकपदरी नसतं. बऱ्याच ठिकाणी ते तीन पदरी असतं. एक, ठरलेलं किमान भाडं, विक्री होवो न होवो. दोन, विक्री ठरावीक रकमेच्या वर गेली की वरच्या रकमेवर टक्का. तीन, झाडलोट, दिवे, थंड हवा, राखणदार यांचा देखभाल खर्च, ज्याला सगळे 'मेंटेनन्स' म्हणतात.

आपण एक हिशेब करून बघू. समजा किमान भाडं महिना ८,००० रुपये. विक्री ८०,००० च्या वर गेली तर वरच्या रकमेवर १० टक्के. मेंटेनन्स १,५०० रुपये. दिवाळीच्या महिन्यात १,२०,००० ची विक्री झाली, तर ८,००० अधिक ४,००० अधिक १,५०० म्हणजे १३,५०० रुपये द्यायचे. शंभराच्या विक्रीतले सव्वाअकरा रुपये गेले. पण पावसाळ्यात विक्री ४०,००० वर आली, तरी ९,५०० द्यायचेच. म्हणजे शंभरातले जवळजवळ चोवीस रुपये जागेलाच. मसाल्यात आणि पापडात आपल्याला शंभरामागं सुटतात किती, ते तुमची वही सांगेल.

आता या गणितात थोरलं दुकान उठलं असं धरा. गर्दी गेली, विक्री निम्म्यावर आली, पण किमान भाडं आणि मेंटेनन्स तसंच. म्हणून मोठ्या कंपन्यांची धाकटी दुकानं करारातच लिहून घेतात की थोरलं दुकान बंद पडलं तर आमचं भाडं कमी करायचं, किंवा मुदतीआधी करार मोडून आम्हाला जाऊ द्यायचं. अमेरिकेत थोरली दुकानं पटापट बंद पडली तेव्हा ज्यांच्या कागदात हे कलम होतं, त्यांना सुटायला वाट होती. ज्यांच्या कागदात नव्हतं, ते रिकाम्या मॉलचं भाडं भरत बसले.

कागदावर अंगठा उठवण्याआधी

आम्ही दिवाळीत सही केली तो कागद पुन्हा वाचला. त्यात लिहिलं होतं, "व्यवस्थापन सांगेल त्या जागी." एवढ्या चार शब्दांत आमची दिवाळी गेली. मॉलच्या माणसानं आम्हाला फसवलं असं आम्ही म्हणणार नाही. कागदात होतं तेच त्यानं केलं. आम्हीच वाचलं नव्हतं.

म्हणून आता आमच्या गटानं ठरवलंय, की कोणताही गाळा किंवा स्टॉल घेण्याआधी दोघींनी जाऊन तिथं दोन वेळा बसायचं. एकदा रविवारी संध्याकाळी आणि एकदा मंगळवारी दुपारी. रविवारची गर्दी सगळेच दाखवतात, भाडं मात्र मंगळवारचंही असतं. समोरून किती माणसं जातात हे मोजायचं आणि त्यातल्या किती जणांच्या हातात पिशवी आहे तेही मोजायचं. नुसतं थंड हवेत फिरायला आलेला माणूस गिऱ्हाईक नव्हे.

मग विचारायचं, इथं गर्दी कुणामुळं येते? त्या थोरल्या दुकानाचा करार किती वर्षांचा आहे? किती शटर बंद आहेत, आणि कधीपासून? आमची जागा नेमकी कोणती? नकाशावर खूण करून द्या आणि कागदात क्रमांक लिहा. जागा बदलली तर भाडं किती कमी होणार? अनामत किती दिवसांत परत मिळणार? मधेच सोडायचं झालं तर किती दिवस आधी सांगायचं? हे विचारताना भीड धरायची नाही. आपण जत्रेत पाल ठोकताना देवळाची वाट कोणती ते बघतोच की.

सरकारी उमेद मॉल होतील तिथंही हेच प्रश्न आहेत, उलट जास्तच आहेत. तिथं भाडं कदाचित कमी असेल, पण पन्नास गटांनी पन्नास गाळ्यांत लोणचं, पापड आणि मसालाच मांडला, तर गिऱ्हाईक पुन्हापुन्हा कशासाठी येईल? म्हणून ग्रामसंघाच्या आणि प्रभागसंघाच्या बैठकीत आत्ताच बोलायला हवं, की तिथं ताजी भाजी, दूध, दळण, गरम जेवण असं रोजच्या गरजेचं काहीतरी दारातच असू द्या. आपलं थोरलं दुकान आपणच व्हायचं आहे. साउथडेलमध्ये ते काम व्यायामशाळेनं केलं, आपल्याकडं पिठलं-भाकरीची खानावळ करील.

आमच्या गटाला यंदाही त्याच मॉलचं बोलावणं आलंय. जायचं की नाही यावर दोन बैठका झाल्या. शेवटी असं ठरलं, की खालच्या मजल्यावरची, त्या मोठ्या दुकानासमोरची जागा कागदावर लिहून दिली तर आठ दिवस जायचं. नाही दिली, तर तेवढा माल तालुक्याच्या आठवडी बाजारात आणि ओळखीच्या घरांत विकायचा. पत्र पाठवलंय. उत्तर काय येतं, ते पुढच्या वेळी सांगू. तोवर तुमच्यापैकी कुणी मॉलमध्ये बसलं असेल, तर आमच्या केंद्रावर फोन करा, आपला हिशेब सांगा. नफ्याचा असो की तोट्याचा, सांगितलेला हिशेब दुसऱ्या गटाच्या कामी येतो.

रामराम.